सड्यावर कुणी नव्हतं

आज सायकलवर हेदवीचा चढ संपवून सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, आले आणि मंजू तिथे नव्हती.

एवढंच झालं. पण रात्रीचे दहा वाजले, गणपतीपुळ्यात पोचून जेवणही झालं, तरी डोक्यातून जात नाही.

चढाच्या माथ्यावर ती असतेच. एखाद्या दगडावर बसलेली, हेल्मेट मांडीवर, आमसूल चघळत. मी धापा टाकत पोचते, ती बाटली पुढे करते, कुणी काही बोलत नाही. आज समोर नुसता काळा कातळ, वाळलेलं गवत आणि रस्ता. रडू आलं.

सकाळी गुहागरहून निघालो तेव्हा सगळं ठीक होतं. हा रस्ता असाच आहे. गाव खाली समुद्राला लागून, मग वर सडा, पुन्हा खाली गाव, पुन्हा सडा. सह्याद्रीतून आलेल्या नद्यांनी जांभ्याचं पठार जागोजागी कापून ठेवलंय, सपाट मिळणार कुठून? वेळणेश्वरला उतरलो, चढलो. हेदवीत दशभुज गणपतीला हात जोडले. बामणघळीत, किनाऱ्यावरच्या कातळातल्या फटीत, पाणी उसळतं ते भरतीला; भरती नव्हती म्हणून तिकडे वळलो नाही. कोकम सरबत घेताना ती घड्याळ बघत होती का? आता वाटतं, बघत होती.

सड्यावर सावली नाही, एवढ्या उन्हात कोण थांबेल, हे कळत होतं. तरी वाटलं, मी तिला जड व्हायला लागले. दवाखान्यानंतर सगळे मला जपतात. ती एकटी जपत नव्हती, नुसती थांबायची. तेही संपलं. तवसाळपर्यंत हेच दळण. उतारावरून जयगडची खाडी दिसते, ती मी पाहिलीच नाही.

धक्क्यावर मंजू उभी होती, दोघींची तिकिटं काढून. फेरीबोटीत सायकली कठड्याला टेकवल्या आणि ती खाली पत्र्यावरच बसली, उजवा पाय लांब करून. गुडघ्याचा पट्टा सोडला. कातडीवर विणीचे वळ उमटलेले, गुडघा चांगलाच सुजलेला. हा पट्टा ती कधीपासून घालते?

"थांबलं की आखडतो गं. मग पॅडल मारवत नाही."

"सांगायचंस ना!"

"तू तुझं कुठे सांगतेस?"

यावर मी काय बोलणार?

रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल झाले की या खाड्या मिनिटांत पार होतील. खाडीकाठच्या माणसांची केवढी सोय होईल, दवाखाना तरी वेळेवर गाठता येईल. पण मला फेरीबोट हवी. पुढे गेलेल्यालाही तिथे थांबावंच लागतं.

जयगडचा चढ लागला तेव्हा मीच तिला म्हटलं, हो पुढे. सगळ्यात हलका गिअर टाकला आणि निघाले. वळणावर आंब्याच्या मोहोराचा वास आला, तिथे उतरले, पाणी प्यायले, पुन्हा निघाले. माथ्यावर कुणी नसणार हे माहीत होतं, म्हणून घाई नव्हती. थोडं वाईट वाटलंच. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकाबाहेर ती सावलीत उभी होती, बसली नव्हती.

उद्या आरे-वारे. मी तिच्याआधी अर्धा तास निघते म्हटलं. आधी नको म्हणाली, मग बरं म्हणाली, मग म्हणाली, पाऊण तास आधी निघ.