स्पेलिंग पाठ करण्याआधी शब्दाचे नातेवाईक शोधा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांचा कान तयार असतो. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी, रस्त्यावर आपली सोलापुरी हिंदी. एवढ्या भाषांत वाढलेलं मूल ऐकलेला शब्द जसाच्या तसा उचलतं आणि लिहितानाही तसाच उतरवतं. मराठीत ते बऱ्यापैकी चालून जातं. इंग्रजीत मात्र त्याचेच मार्क जातात. ‘ग्रामर’ ऐकलं की शेवटी ई-आर लिहिणार, ‘डेफिनेट’ ऐकलं की टीच्या आधी ए घालणार. मुलं कच्ची आहेत म्हणून हे होत नाही. त्यांनी जे ऐकलं तेच लिहिलं, म्हणून होतं.

त्यात आणखी एक अडचण आहे आणि ती फारसं कुणी समजावून सांगत नाही. इंग्रजीतल्या पहिल्या अक्षराचं नावच ‘ए’. पण मराठीतल्या ‘ए’चा आवाज इंग्रजीत बहुतेकदा ई हे अक्षर देतं. म्हणून लहान मूल ‘पेन’ लिहिताना मध्ये ए घालतं, आणि पुढे कॉलेजात गेल्यावरही ‘सेंटेन्स’च्या शेवटी ए-एन-सी-ई लिहितं. हा गोंधळ पाचवीतच सोडवला, तर पुढची निम्मी तक्रार मिटेल असं माझं ठाम मत आहे.

मी दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात असते. बिलं, डिस्पॅचचे कागद आणि बाहेरच्या खरेदीदारांचे मेल माझ्याकडे असतात. संध्याकाळी आमच्या गल्लीतली मुलं घरी येतात. कुणी दहावीचं, कुणी कॉमर्सचं, कुणी स्टाफ सिलेक्शन आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारं. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील लूमवर असतात. सगळी मला अक्का म्हणतात.

एकदा ‘डेट’, म्हणजे कर्ज, हा शब्द लिहून देताना मी मध्ये बी घातला, तेव्हा एका मुलीने विचारलं, “अक्का, म्हणायचंच नाही तर लिहायचं कशाला?” हा प्रश्न दाबायचा नसतो. ‘इंग्रजी असंच असतं, पाठ कर’ म्हटलं की मूल तिथेच थांबतं.

उत्तर असं आहे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे विद्वानांना त्याचं मूळ लॅटिन ‘डेबिटुम’ दिसावंसं वाटलं आणि त्यांनी बी लिहायला सुरुवात केली. कॉमर्सच्या मुलीला एवढं पुरतं, कारण ‘डेबिट’ तिच्या रोजच्या वहीत आहे. डेबिटमधला बी आपण म्हणतो, डेटमधला नुसता लिहितो. ‘रिसीट’मधला पीसुद्धा असाच लॅटिनकडे बघून घातलेला. ‘नाइफ’मधल्या केची गोष्ट वेगळी, तो एके काळी खरंच उच्चारला जायचा. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला आणि छपाईबरोबर स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली. उच्चार मात्र पुढेही बदलत राहिले. म्हणून आज आपण जे लिहितो, त्यात कितीतरी जुने उच्चार आहेत.

तर माझं म्हणणं एवढंच, की इंग्रजी लिहिताना आवाजापेक्षा नातं जास्त सांभाळते. शब्द अडला की त्याचा असा नातेवाईक शोधायचा, ज्यात ते अडलेलं अक्षर स्पष्ट ऐकू येतं. ‘साइन’मधला जी ऐकू येत नाही, ‘सिग्नेचर’मध्ये येतो. ‘ग्रामर’च्या शेवटी ए की ई, असा प्रश्न पडला तर ‘ग्रामॅटिकल’ म्हणून बघा. ‘डेफिनेट’मध्ये टीच्या आधी आय आहे, हे ‘डेफिनिशन’ सांगतं. ‘सेपरेट’ हा परीक्षेत हमखास येणारा शब्द. त्याचा नातेवाईक ‘प्रिपेअर’. दोघेही लॅटिनमधल्या एकाच क्रियापदापासून आले, म्हणून दोघांतही पी-ए-आर. ‘अकोमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम. कॉमर्सवाल्यांनी ‘कमोडिटी’ आठवावी, तिथे दोन एम आहेतच. सुरुवातीला ए-सी जोडला की झालं.

सगळ्यात उपयोगी पडतो तो शेवटच्या ए-एन-सी-ई आणि ई-एन-सी-ईचा भाग. हे शब्द उच्चारावरून कधीच कळत नाहीत, दोन्हींचा शेवट ‘न्स’ असाच ऐकू येतो. अशा वेळी शब्दाला ‘शल’ लावून बघायचं. ‘कॉन्फिडन्स’चं ‘कॉन्फिडेन्शल’ होतं, म्हणजे ई. ‘रेसिडन्स’चं ‘रेसिडेन्शल’, पुन्हा ई. ‘इन्फ्लुअन्स’चं ‘इन्फ्लुएन्शल’, तिथेही ई. ‘सब्स्टन्स’चं मात्र ‘सब्स्टॅन्शल’, म्हणून ए. मी हे फळ्यावर लिहिलं की मुलं आपणहून पुढचे शब्द शोधायला लागतात, ‘प्रेसिडेंट’, ‘एसेन्स’, ‘एक्झिस्टन्स’. पाचशे शब्दांची यादी रट्टा मारून हा हुरूप येत नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत शेवटी अशा याद्या असतात. मी त्या मुलांना तपासणीसाठी वापरायला देते, शिकण्यासाठी नाही.

दुहेरी अक्षरांचं दुखणं वेगळं. ‘बिगिनिंग’मध्ये दोन एन, ‘ओपनिंग’मध्ये एक. ‘रिफर्ड’मध्ये मधे दोन आर, ‘ऑफर्ड’मध्ये एक. कारण जोर. शेवटच्या भागावर जोर असेल आणि तिथे एकच स्वर नि एकच व्यंजन असेल, तर व्यंजन दुप्पट होतं. आपल्या बोलण्यात शब्दाचे सगळे तुकडे साधारण सारख्या वजनाने येतात, म्हणून हा जोर आपल्याला चटकन जाणवत नाही. मी मुलांना टेबलावर थाप मारत म्हणायला लावते: बि-गि-न, थाप ‘गि’वर. ओ-पन, थाप ‘ओ’वर. नियमाला अपवाद आहेत. ‘ट्रॅव्हल’वर जोर सुरुवातीला, तरी ब्रिटिश पद्धतीत, म्हणजे आपल्याकडेही, ‘ट्रॅव्हल्ड’मध्ये दोन एल लागतात.

सीनंतर ई-आय, एरवी आय-ई, हा नियम फक्त लांब ‘ई’चा आवाज असेल तेव्हाच वापरा. ‘रिसीव्ह’, ‘सीलिंग’ एका बाजूला, ‘बिलीव्ह’, ‘फील्ड’ दुसऱ्या. ‘सीझ’ आणि ‘प्रोटीन’ नियम मोडतात, ते वेगळे लिहून ठेवा.

आणि काही शब्दांना नातेवाईकच नसतात. आपल्या चादरीचंच बघा. सोलापुरी चादर ज्या जकार्डवर विणतात, ते फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जकार्ड यांचं आडनाव. त्यांचा माग १८०४ चा. स्पेलिंग जे-ए-सी-क्यू-यू-ए-आर-डी. फ्रेंच आडनाव आहे, तिथे आपला कान काही करू शकत नाही. डोळ्याने बघायचं, झाकायचं, न बघता लिहायचं, उघडून ताडून बघायचं. हे अशा शब्दांसाठी राखून ठेवा, म्हणजे पाठांतराचं ओझं हलकं होतं. आमच्याकडे बरीच मुलं एल, एम, एनला यल, यम, यन म्हणतात. खुशाल म्हणू देत. मोठ्याने अक्षरं म्हणत हाताने लिहिणं महत्त्वाचं.

स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात चार पर्याय देऊन बरोबर किंवा चुकीचं स्पेलिंग ओळखायला सांगतात. तिथे पर्यायांकडे टक लावून बघत बसू नका. चार सारखे दिसणारे शब्द एकत्र पाहिले की चुकलेलाही ओळखीचा वाटायला लागतो. शब्द कळला की आधी रफ कागदावर आपल्या हाताने लिहा, मग पर्याय बघा. स्टेट बँकेच्या पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेत लेखी उत्तरं संगणकावर टाइप करावी लागतात. त्याचा सराव फोनवर करू नका, फोन आपल्या नकळत शब्द दुरुस्त करतो.

फोनच्या कीबोर्डची भाषा मात्र ‘इंग्लिश इंडिया’ ठेवा. अमेरिकन असेल तर तो ‘कलर’मधला यू काढतो. नोआ वेबस्टर यांनी १८२८ च्या शब्दकोशात ती पद्धत पक्की केली. अमेरिकेच्या खरेदीदाराला मेल लिहिताना मी ती वापरते, पण आपल्या परीक्षेत यू असलेलंच लिहावं.

ऑफिसात मला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते संगणकाला न सापडणाऱ्या चुकांपासून. ‘फॉर्म’ आणि ‘फ्रॉम’, ‘क्वाइट’ आणि ‘क्वायट’, ‘लूज’ आणि ‘लूस’. दोन्ही शब्द खरे, म्हणून खाली लाल रेघ येत नाही. ‘स्टेशनरी’ तर नवी पेठेत बाजाराला गेलात की पाटीपाटीवर दिसेल. कागद-पेन विकणारा तो ‘स्टेशनर’, ई-आरने संपणारा, म्हणून त्याच्या मालातही ई. ए घातला तर अर्थ होतो ‘जागीच थांबलेला’.

चेक लिहिताना ‘फोर’ आणि ‘फोर्टीन’मध्ये यू असतो, ‘फॉर्टी’मध्ये नसतो. ‘नाइन्टी’मध्ये नाइनचा ई राहतो, ‘नाइन्थ’मध्ये जातो. हे मी प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते, दहावीच्या मुलांच्यासुद्धा. घरातला चेक लिहायची वेळ आली की आई-वडील त्यांनाच हाक मारतात.