ब्लॅकआउटमधला मुलगा

"तुझा रोल काय रे?"

जिन्याखाली तालीम चालली होती. पोरगा उकिडवा बसून फरशीवर रेडियमचे नखाएवढे तुकडे चिकटवत होता.

"मी अंधारात असतो, सर. ब्लॅकआउट झाला की पलंग आत. चौदा सेकंदांत."

पुरुषोत्तम करंडक तोंडावर आलाय. 1963 पासूनची पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिराच्या दारात 'आव्वाज कुणाचा'ला घसा फोडणाऱ्यांत मीही होतो (आवाज आमचाच असायचा, करंडक दुसऱ्यांचा).

येताना नोटीस बोर्ड पाहिला. लेखक, दिग्दर्शक, सगळ्या नटांची नावं. खाली बारीक अक्षरात 'आणि इतर'. याचं नाव मीही विचारलं नाही, हे पार्किंगमध्ये आठवलं.

प्रयोगाला जाणार आहेच. पण अंधारात त्याला ओळखायचं कसं?