मुंबईत ताजी ट्रफल घेताना आधी कापायला लावा

जुलैत ताजी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी सुवासिक बुरशी, घ्यायला निघणाऱ्यांना एकच सांगतो, कापून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. मी दिले. २० ग्रॅमचे ३,४०० रुपये.

डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसएमटी, तिथून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत. एरवी दहा मिनिटांची वाट. आडव्या पावसात, हातगाड्या चुकवत अर्धा तास लागला. छत्री नेऊ नका, रेनकोट घाला. दुकानात शिरलो तेव्हा पाय भरून आले होते, घासाघीस करायचं त्राण नव्हतं. तिथेच फसलो. "पेरिगॉर्ड का माल है, कल ही आया," असं त्याने सांगितलं आणि मी पाकीट काढलं. फ्रान्समधल्या पेरिगॉर्डची काळी ट्रफल, मेलानोस्पोरम, निघते डिसेंबर ते मार्च. हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

घरी येऊन सुरी लावली. वरून काळी, मोठ्या टोकदार खवल्यांची. आत चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग. म्हणजे उन्हाळी ट्रफल, एस्टिव्हम. वाईट नाही, सौम्य हेझलनटसारखा वास असतो. पण ही जात बरीच स्वस्त असते, आणि मला ती मेलानोस्पोरमच्या नावाखाली विकली.

खरी मेलानोस्पोरम आतून काळी, त्यात पांढऱ्या बारीक शिरांची जाळी. वास ओल्या मातीचा, कोकोचा. जुलैत मिळते ती बहुधा ऑस्ट्रेलियाची, कारण तिकडे तेव्हा हिवाळा. मात्र आत काळी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. हिमालयात आणि चीनमध्ये निघणारी इंडिकमही काळीच असते, वास मात्र जेमतेम. कापलेला भाग नाकाशी धरा, दरवळला नाही तर परत ठेवा. आणि इटलीतल्या आल्बाची पांढरी ट्रफल, मॅग्नाटम, जुलैत 'ताजी' म्हणून कुणी पुढे केली, तर सरळ बाहेर पडा. तिचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर.

लोअर परळला ट्रफल तेल घातलेल्या फ्राइज खाल्ल्या. पैसे वाया. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलांना वास येतो तो २,४-डायथायापेंटेन या रसायनाचा.

पुढच्या शनिवारी वांद्र्याला गेलो, दुकानदाराने न सांगता कापून दाखवली, १० ग्रॅम ऑस्ट्रेलियन घेतली. रविवारी जाऊ नका, मेगाब्लॉकमध्ये अडकाल.

आणल्यावर टिश्यूत गुंडाळून बंद डब्यात, चार अंड्यांसोबत फ्रीजमध्ये ठेवा. कवचातून वास आत मुरतो, दुसऱ्या दिवशीचं ऑम्लेट खाऊन बघा. टिश्यू रोज बदला, चार-पाच दिवसांत संपवा. हिंग-लसणाची फोडणी अजिबात नको, वास पार मरतो. आम्ही आसट गरम भात, साजूक तूप, मीठ एवढंच घेतलं आणि वेफर्सच्या किसणीने वर पातळ चकत्या पाडल्या. वाफेबरोबर वास असा उठला की आठवडाभराचा शीण गेला. आईने दुसऱ्यांदा भात मागितला तोवर चकत्या संपल्या होत्या. १० ग्रॅम दोघांना पुरते, तिघं असाल तर १५ घ्या.