हवेची खोडी

दुपारची वेळ, हातात रिकामा पेला आणि करायला काही नाही. मग पेला तोंडाला लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि हात सोडायचे. पेला हनुवटीला चिकटून राहतो. ही खोडी न केलेलं मूल सापडणं कठीण. हिसका देऊन काढला की ओठांभोवती लाल कडं उमटायचं. शहाणी मुलं ओढायचीच नाहीत. कडेशी बोट सारायचं, फस्सकन हवा शिरते, पेला आपसूक हातात.

मासिक पाळीचा कप, म्हणजे पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवायची मऊ वाटी, पालथा पडलेला दिसला की हटकून तो पेला आठवतो. कपाची सगळी गंमत आणि सगळी भानगड हवेचीच आहे. पहिल्यांदा काढताना घाबरून बुडाची दांडी धरून ओढली जाते. आत हवा धरलेली, त्यामुळे ओढावं तेवढा कप हट्टाला पेटतो. मग ‘अडकला’ म्हणून घाम फुटतो. वास्तविक जाणार कुठे? वर गर्भाशयाचं मुख आहे आणि त्याच्या बारक्या छिद्रातून कप जाणं शक्य नाही. उकिडवं बसायचं, शौचाला करतो तसा खाली हलका जोर द्यायचा, दांडीच्या आधाराने बोटं कपाच्या बुडापर्यंत न्यायची आणि बूड चिमटीत दाबायचं. कड जराशी आत मुडपली की पकड सुटते. मग डुलवत डुलवत, आधी एक कड, मग दुसरी. तांबी बसवलेली असेल तर मात्र कप घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावं, कारण ही ओढ तांबीलाही लागू शकते.

घालताना याच्या उलट. हात धुवायचे, कप ओला करायचा. कडेचा एक बिंदू बोटाने आत बुडापर्यंत दाबला की कपाचं टोक निमुळतं होतं. पहिल्या खेपेला ही घडी सोपी जाते. दिशा सरळ वर नाही, मागे माकडहाडाकडे. निम्म्या जणी इथेच चुकत असाव्यात. आत गेल्यावर घडी सुटून कप उमलला पाहिजे. बुडाभोवती बोट फिरवून बघावं: सगळीकडून गोल लागला तर ठीक, खळगा लागला तर घडी अजून मिटलेलीच आहे. बूड धरून थोडा फिरवला की बहुधा उघडतो. नाहीच जमलं तर अर्धा तास सोडून द्यावं. चिडून केलेल्या प्रयत्नात स्नायू आवळतात आणि मग काहीच आत जात नाही. म्हणून पहिला प्रयोग घरी असण्याच्या दिवशी, सोबत एक पातळ पॅड लावून.

गळती झाली की कप लहान पडला असं वाटतं. आता हिशेब बघा. अख्ख्या पाळीत जाणारं रक्त साधारण ३० ते ४० मिली आणि बहुतेक कपांत २० ते ३० मिली मावतं. म्हणजे कप सहसा भरून गळत नाही. तो उघडलेला नसतो, किंवा गर्भाशयमुखाच्या खाली बसण्याऐवजी त्याच्या शेजारी जाऊन बसलेला असतो. बद्धकोष्ठ असलं तर मागून दाब येऊन कडही चेपते. घातल्यावर लगेच दिसणारा डाग तर पुष्कळदा आधीच खाली उतरलेल्या थेंबांचा असतो. पण नीट बसलेला कप दर तास-दोन तासांनी काठोकाठ भरत असेल, तर दोष कपाचा नाही, डॉक्टरांना दाखवावं.

कप निवडताना खोक्यावर तिशीच्या आतल्या आणि तिशीपुढच्या असे दोन गट छापलेले असतात. या तिशीचा मला राग आहे. वाढदिवसाच्या मध्यरात्री शरीरात काय असा मोठा फेरबदल होतो? त्यापेक्षा पाळी चालू असताना मधलं बोट घालून बघावं. नाकाच्या शेंड्यासारखं काहीतरी लागतं, ते गर्भाशयाचं मुख. पहिल्याच पेरावर लागलं तर आखूड कप, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं तर मध्यम, अख्खं बोट जाऊनही निसटतं लागलं तर लांब. मऊ कप टोचत नाही पण उघडायला रडवतो. कडक कप फटकन उघडतो पण मूत्राशयावर दाबतो आणि लघवीची धार बारीक होते. दांडी टोचत असेल तर कापावी, मात्र कप बाहेर काढून, आणि बुडाला धक्का न लावता.

लिओना चामर्स या अमेरिकन बाईंनी १९३७ साली रबरी कपाचं पेटंट घेतलं. पुढे महायुद्धात रबराचाच तुटवडा पडला. आता सिलिकॉन आहे, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं आरामात टिकतं. फक्त भांड्याच्या तळाला टेकून राहू देऊ नये, करपतं. दोन पाळ्यांच्या मध्ये कापडी पिशवीत ठेवावा, हवाबंद डब्यात नको. वापरात असताना फार तर १२ तासांनी रिकामा करायचाच, मग तो निम्मा का असेना. धुताना आधी गार पाणी, गरम पाण्याने डाग बसतो.

राहता राहिली कडेखालची बारीक भोकं. हवा यायला-जायला ठेवलेली ही भोकं बुजली की काढताना पुन्हा तोच हट्ट सुरू. सुई घालू नये, भोक फाटतं. कप पाण्याने भरायचा, तोंडावर तळहात घट्ट दाबायचा आणि पिळायचा. भोकांतून केसाएवढ्या धारा उडतात, एखादी हमखास आरशावर. खरं तर एकदा पिळलं की पुरतं. पण दोन-तीनदा पिळलं जातंच.