आप्पांची गोळी

नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये चौदा वर्षं लघवीच्या डब्या हाताळतेय, त्यामुळे फेस आधी दिसतो, नाव नंतर. त्या सकाळी डबीवर नाव आमच्या आप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं. पट्टी बुडवली, पिवळा चौकोन बघता बघता हिरवागार. प्रोटीन थ्री प्लस, म्हणजे भरपूर. रक्त फिरवून काढलं तर सिरम, म्हणजे वर राहिलेला द्रव, पातळ ताकासारखा. कोलेस्टेरॉल ३४२.

किडनीच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिल्यावर आप्पा वैतागले. "अगं, हृदय ठणठणीत आहे माझं. रोज तलावपाळीला तीन फेऱ्या मारतो!"

मग मी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढलं. एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या. प्रत्येकीतल्या केशवाहिन्यांना बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बिलगलेल्या, बोटांत बोटं गुंतवून. बोटांमधल्या फटींवर नेफ्रिनसारख्या प्रथिनांचा पडदा. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो, पण अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तातच राहतं.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ऑक्सिडाइज झालं (आप्पांना मी 'खवट झालं' असं सांगितलं), की या पेशी ते सीडी-३६ सारख्या दारांतून आत ओढतात. साध्या एलडीएलचं दार पोट भरलं की मिटतं, हे मिटत नाही. आत साठत गेलं की पेशीचा सांगाडा विस्कटतो, बोटं आखडून चपटी होतात, नेफ्रिन घटतं, काही पेशी मरतात. आणि मेलेल्यांच्या जागी नव्या जवळजवळ येतच नाहीत. फटीतून अल्ब्युमिन निसटतं, ते भरून काढायला यकृत जोर लावतं आणि त्या भरात कोलेस्टेरॉलही वाढवून ठेवतं. हे दुष्टचक्र मूरहेड आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं.

"मग सुरुवात कशाने झाली?"

"वीस वर्षांच्या साखरेने, आप्पा. हे त्या आगीत तेल."

माझी एक चिडचिड आहे. आमचं मशीन एलडीएल किती ते सांगतं, त्यातलं खवट किती ते नाही. आणि खोटं कशाला बोलू? या गोळीने गेलेल्या पेशी परत येत नाहीत. किडनी जपायला बीपीची गोळी आणि साखरेवर ताबा. ही कोलेस्टेरॉलची मुख्यतः हृदयासाठी, कारण किडनीच्या पेशंटला हृदयाचा धोका जास्त.

"म्हणजे हृदयाचीच ना? मी पहिल्यापासून तेच म्हणतोय," आप्पा म्हणाले आणि जिंकल्याच्या थाटात गोळी गिळली.