मला नाही जी, मले

चौथीतली ती मुलगी वाचत नाही, हे मला जुलैतच कळायला हवं होतं. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे आमचं वर्ष मुळातच आखूड. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागली की अर्धा वर्ग वावरात. तिचं मागचं वर्ष असंच गेलं होतं. तिसरी संपेपर्यंत मूल समजून वाचतं व्हावं, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य. ही चौथीत येऊनही अक्षरांपाशीच अडलेली.

पण पुस्तकातल्या कविता ती घडाघडा म्हणायची, आणि तिथेच मी फसले. आपल्याकडे कविता शिकवणं म्हणजे चालीवर म्हणून घेणं. मी एक ओळ म्हणते, वर्ग मागून म्हणतो. पुस्तकं मांडीवर उघडी असतात आणि ओळीवर एकाचंही बोट नसतं. हातवाऱ्यांसकट म्हटलेल्या कवितेचा व्हिडिओ गटावर टाकला की शाबासकी मिळते. मूल वाचतंय का, हे कुणी विचारत नाही; मीही कित्येक वर्षं विचारलं नाही. ऑगस्टमध्ये एकदा सहज तिच्या पानावर हात ठेवला, तर ती न थांबता शेवटच्या कडव्यापर्यंत गेली.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसल्या. कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, शेवटी खिरापत ओळखायची. मी गावातच खोली करून राहते, त्यामुळे ऐकू येतं. गाणी सांगणारी हीच. बाकीच्या मुली अडल्या की हिच्या तोंडाकडे पाहायच्या.

दुसऱ्या दिवशी मी पाठकोरा कागद आणि जाड पेन घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, "तू सांग, मी लिहिते." तिने कारल्याचं गाणं सांगितलं. सुनेला माहेरी जायचं असतं. सासू म्हणते आधी बी पेर, मग वेल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर. वाचायला शिकवण्यासाठी मुद्दाम बसून लिहिलं असतं तरी मला असं साधलं नसतं. प्रत्येक कडव्यात एकच शब्द बदलतो, बाकी ओळ तीच परत येते. सासू, सासरा, सून, नणंद, दीर, कारलं हे सहा शब्द सात व्यंजनांत बसतात. जोडाक्षर नाही, रफार नाही. पहिली वेलांटीही नाही, आणि ती नसणं फार मोठं आहे. 'कि' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, तोंडाला मात्र आधी 'क' म्हणावा लागतो. कितीतरी मुलं तिथे महिनोन्महिने अडकतात.

लिहिताना बहिणाबाईंची आठवण येत होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव लिहून घ्यायचा. १९५२ मध्ये पुस्तक आलं, तेव्हा त्यांची बोली त्यात तशीच राहिली.

मग मी तिला म्हटलं, एका शब्दावर एक बोट. पहिल्यांदा ती गाऊ लागली. चालीत शब्द लांबतात, बोट 'सासू'वर आणि तोंड माहेरी. मी चाल सोडायला लावली. दुसऱ्यांदा बोट आणि तोंड बरोबर चालू लागले. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली. बोट एका शब्दावर दाबून धरलं. ओठ हलले, आवाज नाही. मग म्हणाली, "मॅडम, हे चुकलं."

"काय चुकलं?"

"मला नाही जी. मले."

तिने 'मले' सांगितलं होतं. माझ्या हाताने सवयीने 'मला' लिहिलं होतं. मला पत्ताही नव्हता. तिने पेन मागितलं, 'मला' खोडलं आणि वर लिहिलं: मेल. स्वतःच वाचलं, मान हलवली, तेही खोडलं. मग 'ल'वर मात्रा देऊन 'मले' लिहिलं. मी एक शब्द बोलले नाही. बोलता येण्यासारखी अवस्थाच नव्हती माझी.

आमच्या शाळेतले दुसरे सर कष्टाळू आहेत, पण त्यांना हे पटलं नाही. बोली कागदावर आणली तर शुद्धलेखन बिघडेल, म्हणाले. मला वाटतं आधी वाचन तर येऊ द्या. 'मले' वाचणारी पोर 'मला' वाचेल. काहीच न वाचणारी दोन्ही वाचणार नाही.

पंधरवड्याने तपासणीला अधिकारी आले. त्यांनी तिला नवा परिच्छेद दिला. दुसऱ्या ओळीतल्या जोडाक्षराशी ती थांबली आणि मग रडवेली झाली. नोंद झाली शब्द स्तराची, म्हणजे सुटे शब्द वाचते, परिच्छेद नाही. नोंद खोटी नव्हती. मी त्यांना तो कागद दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, हे पाठ आहे तिचं."

पाठ होतंच. म्हणून तर तिला चूक दिसली. पण नुसतं पाठच म्हणत असती तर ती 'मला'पाशी थांबली कशी, 'मले' म्हणून पुढे गेली असती ना? हे मी त्यांना विचारलं तेव्हा ते पुढच्या मुलाचं नाव पुकारत होते. त्या क्षणाला वाचन म्हणायचं की नाही, ते लिहायला फॉर्मवर रकाना नाही, आणि मलाही अजून नेमका शब्द सापडलेला नाही.

आता वेचणी सुरू झाली आहे. चार दिवस ती आली नाही. शेवटच्या दिवशी जाताना तिने तो कागद मागितला होता. मी दिला. दुसरी प्रत केलेली नव्हती.