मोठा चालतो ना?

बाबागाड्यांच्या दुकानातला मुलगा सहज विचारून गेला. "मोठा चालतो ना, मॅडम?" मी म्हटलं, "हो, चालतो की." झालं, एवढंच. दोन दिवस झाले, ते 'हो' घशात अडकून बसलंय.

सव्वादोन वर्षांच्या माणसाला मोठा कोण म्हणतं? गेल्या महिन्यापर्यंत तो बबड्या होता, सोन्या होता, आईंचा 'गुलाम' होता. धाकटं अजून यायचंय, पण ह्याचा हुद्दा आधीच बदलून झाला. आणि बदलला मीच, त्याच्यासमोर. माझं बोट धरून उभा होता. 'चालतो' ऐकल्यावर त्याने बोट सोडलं आणि खरंच चालायला लागला, गाड्यांच्या रांगेतून, एकेक चाक हाताने फिरवत. पुढचा पाऊण तास 'उचल' म्हणाला नाही. एरवी दहाव्या मिनिटाला म्हणतो. त्याला काही कळलं असेल असं नवऱ्याला वाटत नाही. नवऱ्याला बरंच काही वाटत नाही, ते असो.

शेजारी शेजारी दोन सीट असलेली गाडी दुकानातल्या मुलाने फार कौतुकाने दाखवली. "दोघं बरोबरीने बसतात, भांडणच नाही." रुंदी ७६ सेंटिमीटर. घरी आल्या आल्या टेप काढली. आमच्या लिफ्टचं जाळीचं दार पूर्ण सरकवलं तर ६१. म्हणजे बरोबरी फक्त पार्किंगमध्ये; घरी यायचं तर एकाने चालायचं. कोणी, ते उघड आहे. मागेपुढे सीट असलेली लिफ्टमध्ये जेमतेम शिरेल, पण मग मी बाहेर. शिवाय ती रिकामीच १४ किलोची, त्यात हा १२ किलो, आणि मला तर पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाहीत. तिसरा मार्ग म्हणजे सपाट झोपवता येईल अशी एकाची गाडी, आणि मागे उभं राहायला चाकांची फळी. फळीवर मोठा. बसमध्ये दांडीला धरून उभं राहतात तसा.

हे वाचून आलं हसू, पण काल रात्री नव्हतं आलं. काल रात्री सुजलेले पाय उशीवर टाकून मी फोनवर गाड्या बघत होते आणि रडत होते. सगळे सल्ला देतात, टेप कुणी धरत नाही. आई म्हणते, कशाला हवी गाडी, आम्ही काय गाडीतून वाढवलं तुम्हाला? ताई म्हणते, महागातली घे, पाठ वाचते. माझी पाठ बघायला यांपैकी इथे कोण आहे?

आणि घ्यायची तर चालवायची कुठे? पुण्यात, आमच्या कोथरूडात फुटपाथवर दुचाकी चढू नये म्हणून खांब ठोकलेत. त्यांच्यामधून दुचाकी जाते, बाबागाडी अडते. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ ऐसपैस आहे, पण तिथवर रिक्षाने जायचं, गाडी दुमडून पायाशी घ्यायची, मूल मांडीवर. मागच्या पावसाळ्यात तर मी ह्याला नुसतं फिरवायला गरवारे कॉलेजच्या मेट्रो स्थानकात नेलं होतं. लिफ्ट, गुळगुळीत फरशी, वर छप्पर. कुठे जायचंच नव्हतं.

रडून झाल्यावर झोप येईना म्हणून वाचत बसले. छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज आजोबांनी काढली. १९६५ साली पेटंटसाठी अर्ज केला. लढाईतल्या स्पिटफायर विमानाची चाकांची यंत्रणा त्यांच्या हातची. निवृत्तीनंतर लेकीला नातीची अवजड प्रॅम ओढताना पाहिलं आणि ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन बसले; तीन किलोही न भरणारी गाडी केली. म्हणजे लेकीचे हाल बघून बापाने विमान दुमडलं. बाबांना सांगितलं सकाळी फोनवर. म्हणाले, "अगं, मी पण आणला होता ना तुला तुळशीबागेतून पांगुळगाडा."

हो की. आमच्या घरी बाबागाडी नव्हतीच, लाकडी पांगुळगाडा होता. त्यात बसायचं नाही, आपणच ढकलायचं.

मग नवऱ्याला माळ्यावर चढवलं आणि जुनी गाडी काढली. एक चाक अजून कुरकुरतं. मागच्या खिशात एक मोजा आणि बिस्किटाचा चुरा, मुंग्यांनी न्यायचा राहिलेला. ती बघताना आठवलं, ह्यात हा बसलाच किती? फुलांच्या दुकानापर्यंत. तिथून पुढे हा कडेवर, आणि गाडीत दूध, कोथिंबीर, एकदा तर पाच किलो आट्याची पिशवी, वर पट्टा लावून. म्हणजे मी रडतेय ते दोन सीटसाठी, आणि बसणार आहे आटा.

तरी ते 'चालतो' जात नाही. आज जिन्यात त्याने हात वर केले, "उचल." दोन दिवसांनी म्हणाला. मी उचललं नाही. पायरीवर बसले, तो चढून मांडीवर आला, पोट मध्ये असल्याने एका बाजूला कलून. वरच्या काकू उतरत होत्या. "मोठा झाला आता," म्हणाल्या. मी काही बोलले नाही. हा मात्र "नाई" म्हणाला, माझ्या ओढणीत तोंड घालून.

आत्ता हॉलमध्ये तो जुन्या गाडीत कुकरचं झाकण बसवून ढकलतोय. चाक कुरकुरतंय. मघाशी दुकानातून फोन आला, मॅडम, कोणती पक्की करू? म्हटलं, अजून मापं घेतेय.